बॅटरी खातंय कोण?

एखाद्या उन्हाळ्यात आमच्या हिंगोलीकडचं सिद्धेश्वर धरण शून्य टक्क्यावर आल्याची बातमी छापून येते, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे फोन करून विचारतात, "पाणी संपलं का रे तुमचं?" संपलेलं नसतं. पूर्णा नदीवरच्या या धरणात एकूण २५०.८५ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातला जिवंत साठा फक्त ८०.९६. बाकीचं दोन तृतीयांश पाणी मृतसाठ्यातलं. कालव्याने बाहेर काढता येतं तेवढंच हिशेबात धरायचं, आणि टक्केवारी काढायची ती त्या हिशेबातल्या पाण्याची. म्हणून कागदावर शून्य असतं, आणि सहा किलोमीटरहून लांब भिंतीवर उभं राहिलं तर समोर पाणी चमकत असतं.

मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात बसल्यापासून मी गिऱ्हाइकाला हे धरण दाखवत आलोय, कारण फोनच्या कोपऱ्यातला टक्का अस्साच काढलेला असतो. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज ४.२ ते ४.४ च्या आसपास असतं. ते तीन-सव्वातीनपर्यंत उतरलं की फोन "शून्य टक्के" म्हणून डोळे मिटतो. बॅटरीत तेव्हाही चार्ज असतो. पण त्याखाली उपसत गेलं तर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो आणि पुढच्या चार्जिंगला आतच शॉर्ट व्हायची भीती असते. म्हणून तो साठा मुद्दाम हात लावू न देता ठेवलेला. वरची टक्केवारी मोजायला फोनात एक छोटी आयसी असते. बॅटरीत किती करंट गेला, किती बाहेर आला, याची ती वही लिहिते आणि त्यावरून अंदाज बांधते. अंदाजच तो. बॅटरी नवी असते तोवर वही जुळते. जुनी झाली की वहीत एक आणि गोदामात भलतंच.

मग संध्याकाळी एक जण काउंटरवर फोन आपटून म्हणतो, "दादा, वीस टक्के होती. फोटो काढाया गेलो अन् गप्पकन बंद! चार्जिंगला लावला तर पुन्हा वीस दाखवतोय. भूत हाय का काय?"

भूत नाही. जुन्या बॅटरीचा अंतर्गत अवरोध वाढलेला असतो. नुसतं घड्याळ दाखवायला लागणारा बारीक करंट ती देते. कॅमेरा आणि फ्लॅश एकदम चालू झाले की करंटची मागणी उसळते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. मागणी गेली की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून चार्जर लावल्याबरोबर वीसचे वीस दिसतात.

याच वीस टक्क्यांनी ॲपलसारख्या कंपनीला जाहीर माफी मागायला लावली होती. २०१६ च्या अखेरीस आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्यांचे फोन बॅटरी शिल्लक असताना पटकन बंद पडायला लागले. जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे अपडेट आलं आणि तक्रारी एकदम घटल्या. कशा घटल्या, ते कंपनीने नीट उलगडून सांगितलं नव्हतं. त्या डिसेंबरात गीकबेंच ही वेग मोजणारी चाचणी बनवणाऱ्या जॉन पूलने आपल्याकडे जमलेले आकडे आलेखावर मांडले. एकाच मॉडेलच्या फोनांचा वेग एकसारखा यायला हवा. इथे एक टेकडी दिसायच्या ऐवजी चार-पाच टेकड्या दिसत होत्या. म्हणजे सॉफ्टवेअर काही फोनांना मुद्दाम हळू चालवत होतं, जेणेकरून थकलेल्या बॅटरीवर एकदम भार येऊ नये. कंपनीने ते कबूल केलं, २८ डिसेंबर २०१७ ला माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. फोनच्या सेटिंगमध्ये आज "बॅटरी हेल्थ" नावाचं जे पान दिसतं, ते आयफोनवर आलं याच भांडणानंतर.

माझं मत विचाराल तर ॲपलची युक्ती चुकीची नव्हती, लपवणं चुकीचं होतं. आणि आमच्या धंद्याला त्यातून मिळालेलं ज्ञान असं, की "फोन लैच हँग व्हायलाय, नवीन घ्यावा म्हणतो" असं म्हणत येणाऱ्यांतले बरेच जण नव्या बॅटरीवर आणखी दोन वर्षं काढू शकतात. नवे फोन विकणाऱ्याला हे सांगून चालत नाही. मी दुरुस्तीवाला आहे, मला चालतं.

पण बॅटरी बदलायचीही घाई मी करत नाही. फोन खोलला की बॅटरीचा कनेक्टर काढायचा आणि त्या जागी डीसी सप्लायच्या वायरी लावायच्या. व्होल्टेज चारच्या आसपास. पॉवर बटणाला हात लावायचा नाही. अशा वेळी मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. मीटर चाळीस मिलीअँपिअर दाखवत असेल, तर बोर्डावर लीकेज आहे. चाळीस मिलीअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतं, पण ५००० एमएएचची बॅटरी एवढ्यानेच, फोन बंद असताना, पाच दिवसांत रिकामी होते. चालू फोनाला बाकीचा खर्च वेगळाच. लीकेज मोठं असेल तर सोल्डरिंगच्या रोझिनची धुरी बोर्डावर बसवायची. पांढरट थर धरतो. सप्लाय दिला की ज्या कपॅसिटरवरचा थर आधी वितळतो, चोर तिथेच. आमच्याकडे पावसाळ्यात असे फोन जास्त येतात. पेरणीत, फवारणीत फोन खिशात भिजतो, पाणी चार्जिंग जॅकमधून जॅकच्या छोट्या बोर्डावर (सीसी बोर्ड) उतरतं आणि तिथे हिरवी बुरशी धरते. कित्येकदा आयसोप्रोपिल आणि जुना ब्रश, एवढ्यावर काम भागतं. ज्याने दोन बॅटऱ्या बदलून पाहिल्यात तो माणूस तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

हे झालं बोर्डाचं. बहुतेक फोनांचा बोर्ड ठणठणीत असतो, बॅटरीही बरी असते, तरी दुपारी दोनला फोन मरतो. अशा गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारतो तो असा, "राहायला कुठं?"

कारण रेंज. गावात राहणाऱ्याचा आणि धरणाच्या कडेला आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, राहणाऱ्याचा फोन एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेला असला तरी आखाड्यावरचा आधी उतरतो. फोन नुसता ऐकत नाही, त्याला टॉवरपर्यंत पोचावंही लागतं. टॉवर जवळ असला की टॉवरच फोनला ताकद कमी कर म्हणून सांगतो आणि फोन मिलीवॉटच्याही अंशावर काम भागवतो. टॉवर लांब, मध्ये टेकाड, घरावर पत्रा, असं असलं की ताकद वाढत वाढत टोकाला जाते. ४जीवर ही मर्यादा साधारण २०० मिलीवॉट, जुन्या २जीच्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चक्क दोन वॉट. ती ताकद हवेत सोडायची तर आतल्या ॲम्प्लिफायरला त्याहून कितीतरी जास्त लागते. उरलेली उष्णता होते. कमी रेंजमध्ये बोलताना फोन कानाला गरम लागतो तो त्यामुळे.

हे मोजता येतं. सेटिंगमध्ये "अबाऊट फोन", त्यात सिम स्टेटस, त्यात सिग्नल स्ट्रेंथ. आकडा उणे असतो. उणे ८० डीबीएम म्हणजे झकास. उणे ११५ म्हणजे फोन धापा टाकतोय. दर दहा आकड्यांमागे सिग्नल दहापट पडतो, म्हणजे या दोन जागांमध्ये हजारो पटींचा फरक आहे. कोपऱ्यातल्या दांड्या बघून काही कळत नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते.

आमच्या भागातला खरा खादाड मात्र दुसरं सिम. दोन कंपन्यांची सिमं असतात, एकीची रेंज गावात असते, दुसरीची नसतेच. कुठल्या तरी बँकेला तो नंबर दिलाय म्हणून सिम काढत नाहीत. फोन बिचारा दिवसभर त्या न मिळणाऱ्या कंपनीला शोधत फिरतो. आखाड्यावर गेलं की ते सिम सेटिंगमधून बंद करा, गावात आलं की चालू करा, एवढं सांगितल्यावर बॅटरी न बदलता संध्याकाळपर्यंत फोन टिकलेले मी पाहिलेत. तसंच ५जीचं. टॉवरचं ५जी कुठे आहे कुठे नाही, अशा काठावर फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. तिथे नेटवर्क मोड ४जीवर ठेवला तर बिघडत काही नाही. आणि अजिबातच रेंज नसलेल्या शिवारात दिवस काढायचा असेल तर सरळ विमानाचं चित्र दाबायचं.

गंमत बघा, आमच्याच औंढा तालुक्यात दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अब्जावधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची थरथर टिपणार. जमिनीत धक्के-हादरे कमी म्हणून ही जागा निवडली. तिथून जवळच माझं गिऱ्हाईक औंढ्याला फोन लावायला बांधावर चढतं.

महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी औंढ्यात उलटा प्रकार. टॉवर डोक्यावर, पण माणसं इतकी की सगळ्यांचे फोन एकमेकांत घुसतात. प्रत्येक जण नागनाथाच्या कळसाचा व्हिडिओ पाठवतोय, तो जात नाही, फोन पुन्हा पुन्हा पाठवायचा प्रयत्न करतोय. वर ऊन, म्हणून ब्राइटनेस शंभरावर. दुपारपर्यंत चार्जर मागणाऱ्यांची रांग लागते.

ब्राइटनेसचं एवढंच सांगतो, की काळा स्क्रीन ठेवला की बॅटरी वाचते हे अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २०२१ मध्ये हे मोजलं. घरात, ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने ३ ते ९ टक्के वीज वाचते, म्हणजे जवळपास काहीच नाही. उन्हात, शंभर टक्के ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. तेही ओलेड स्क्रीन असेल तर. आमच्याकडचे स्वस्तातले फोन बरेचसे एलसीडीचे; त्यांच्यामागची लाईट पडदा काळा असो की पांढरा, जळतच असते.

हे मोजणाऱ्या पर्ड्यूच्या प्राध्यापकाचा, चार्ली हू यांचा, त्याआधीचा एक किस्सा मला जास्त आवडतो. २०१२ मध्ये त्यांचा विद्यार्थी अभिनव पाठक आणि मायक्रोसॉफ्टचे मिंग झांग यांनी मिळून एक साधन बनवलं. ॲपच्या कोडचा कुठला भाग किती वीज खातो, हे ते दाखवायचं. त्यांनी त्या वेळची लोकप्रिय फुकट ॲप तपासली. निघालं असं, की काही ॲपमध्ये ६५ ते ७५ टक्के वीज ॲपच्या कामावर जातच नव्हती. ती जात होती आत बसवलेल्या जाहिरातींवर: जाहिरात आणायची, तुम्ही कुठे आहात ते बघायचं, परत कळवायचं. अँग्री बर्ड्स खेळताना पोरांना वाटायचं पक्षी बॅटरी खातायत. पक्षी गरीब होते.

याच मंडळींनी दुसरीही एक खोड शोधली. अँड्रॉइड फोन स्वभावाने झोपाळू असतो. स्क्रीन बंद झाला की प्रोसेसर झोपतो. एखाद्या ॲपला काम पुरं करायचं असेल तर ते फोनला "थांब, झोपू नको" असं सांगून एक कुलूप लावतं, काम झालं की काढतं. प्रोग्रामर काढायला विसरला की फोन खिशात रात्रभर जागा. ही चूक नवशिक्यांचीच असते असं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनवरचं फेसबुक न उघडताही बॅटरी संपवतं अशी ओरड झाली, तेव्हा फेसबुकचे इंजिनिअर ॲरी ग्रांट यांनी दोन दोष जाहीर कबूल केले. एक, नेटवर्कच्या कोडमध्ये प्रोसेसर विनाकारण गरगर फिरत होता. दुसरा अधिक मजेशीर: व्हिडिओ बघून ॲपमधून बाहेर पडलं तरी आवाजाचं दार उघडंच राहायचं. फोनला वाटायचं गाणं चालू आहे, म्हणून तो ॲपला झोपवायचा नाही. गाणं मात्र मुकं.

लोकांना वाटतं ही ॲप बोटाने वर ढकलून घालवली की प्रश्न मिटला. बसमध्ये बघा, निम्मी माणसं दर पाच मिनिटांनी हेच करतात. मार्च २०१६ मध्ये एका गिऱ्हाइकाने ॲपलच्या टिम कुकना ईमेलने विचारलं, तुम्ही सारखी ॲप बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? उत्तर आलं सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांच्याकडून: दोन्हीला नाही. अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर यांनीही आपल्याकडे तसंच असल्याचं सांगितलं. ढकललेलं ॲप पुन्हा उघडलं की सगळं सामान नव्याने मांडावं लागतं, त्यात जास्त वीज जाते. त्यापेक्षा सेटिंगमधलं बॅटरी वापराचं पान उघडा, वरचं नाव बघा, आणि त्याची मागच्या दाराची परवानगी काढा. लोकेशन "ॲप वापरताना फक्त" वर ठेवा. आणि ती बॅटरी वाचवणारी, फोन साफ करणारी ॲप आधी काढा. त्यांच्याइतक्या जाहिराती दुसऱ्या कशात नसतात.

अतिरेक मात्र नको. एका शेतकऱ्याने बॅटरी सेव्हर पक्का लावून ठेवला आणि आठ दिवसांनी आला तो रागातच. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरचं ॲप रात्री लाईट आल्याचं कळवायचं, ते मुकं झालेलं. फोनची बॅटरी राहिली, हरभरा वाळला.

आता उष्णता. फेब्रुवारी-मार्च आला की हिंगोली-वसमतकडे हळद काढणी सुरू होते. हळद शिजवायच्या कुकरपाशी माणूस दिवसभर उभा, वाफ अंगावर, फोन सदऱ्याच्या खिशात. मे उजाडेपर्यंत हे फोन माझ्या टेबलावर येतात, पाठ फुगलेली, स्क्रीन कडेने उचललेला. लिथियम-आयनचं खरं वैर उष्णतेशी आहे, आणि त्यातही भरलेल्या बॅटरीच्या उष्णतेशी. ग्रॅफाइटच्या बाजूवर एक पातळ थर पहिल्या दिवसापासून धरत असतो. तो वाढताना थोडं थोडं लिथियम कायमचं गिळतो. ऊब मिळाली की तो भराभर वाढतो. कॅनडातली कॅडेक्स कंपनी बॅटरी युनिव्हर्सिटी नावाने जी माहिती देते, तिच्यातले चार आकडे मी काउंटरच्या काचेखाली लावलेत. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली तर ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून तशीच ठेवली तर ८०. तापमान ४० अंश केलं तर अर्धवट भरलेलीला ८५, आणि पूर्ण भरलेलीला ६५. कुणी हातही न लावता.

चाळीस अंश म्हणजे आमचा एप्रिल. फोन वापरायचाच नाही असं कुणाला सांगता येत नाही. पण चार्जिंगला लावताना मागचं जाड कव्हर काढा, गादीवर-उशीखाली ठेवू नका, मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात चार्जर लावून नकाशा बघत जाऊ नका. फोन फार तापला की चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. बहुतेक फोनांत ही रेषा ४५ अंशांच्या आसपास असते. तेव्हा "चार्जर खराब झाला" म्हणून पळत येऊ नका. सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको, आत दव धरतं आणि मग मला सीसी बोर्ड घासावा लागतो.

फुगलेल्या बॅटरीबद्दल एकच गोष्ट ओरडून सांगतो: दाबू नका, टोचू नका. आत वायू असतो, आणि दोन पत्र्यांमध्ये कागदाहून पातळ पडदा. तो पडदा फाटला की काय होतं ते २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी नोट ७ मध्ये पाहिलं. २५ लाख फोन परत बोलवायची घोषणा झाली, बदलून दिलेलेही पेटले, ऑक्टोबरात मॉडेलच बंद केलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारण सांगितलं तेव्हा दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष निघाले. एकात कोपऱ्यातला पत्रा वाकलेला, दुसऱ्यात वेल्डिंगचे कोंब राहिलेले. एवढ्या मोठ्या कारखान्यात हे होतं, तर बाजारातल्या कॉपी बॅटरीचं काय बोलावं?

कॉपी बॅटरी हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात झाकलेलं पान. वरचा स्टिकर कुणीही छापतो. ओरिजिनलसारखाच रंग, तसाच क्रमांक, ५००० एमएएच असं ठळक. बसवली की फोन शंभर टक्के दाखवतो. गिऱ्हाईक खूश, पैसे घेऊन दुकानदारही खूश. पंधरा दिवसांनी रडारड. खरं-खोटं ओळखायला मी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा ठेवलाय. स्टिकर खोटं बोलतो, वजन बोलू शकत नाही. आजच्या चांगल्या मोबाईल बॅटरीत एका किलोला साधारण अडीचशे-पावणेतीनशे वॉट-तास बसतात. ५००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे सव्वाएकोणीस वॉट-तास. म्हणजे बॅटरी सत्तर ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. काटा पंचेचाळीस दाखवत असेल तर पाच हजार कुठून येणार? जुनी ओरिजिनल आणि नवी, दोन्ही शेजारी ठेवून तोललं की गिऱ्हाइकाला शिकवावं लागत नाही. पॉवर बँकेचंही तेच. बारीक अक्षरात "रेटेड कपॅसिटी" लिहिलेली असते. १०,००० च्या डब्यातून फोनला सहा-साडेसहा हजार मिळाले तर तो डबा प्रामाणिक.

बॅटरीच्या पाठीवरचा क्रमांक वाचायची वेळ देशावर एकदा आली होती. १४ ऑगस्ट २००७ ला नोकियाने सांगितलं, की बीएल-५सी या बॅटऱ्यांपैकी मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला तापू शकतात. जगभरात अशा शंभरेक घटना झाल्या होत्या, गंभीर इजा कुणालाच नव्हती. पण आपल्याकडे बातमी पोचली ती "नोकिया फुटतोय" अशी. दुकानांपुढे झुंबड उडाली, माणसं बॅटरी काढून तिच्यामागचा २६ अक्षरांचा क्रमांक शेजाऱ्याकडून वाचून घेत होती. ज्यांच्याकडे दुसऱ्याच कंपनीचा फोन होता तेही. बीएल-५सी त्या धक्क्यातून इतकी सावरली, की आजही आठवडी बाजारातल्या स्वस्त रेडिओत, भजनाच्या छोट्या स्पीकरात त्याच आकाराची बॅटरी बसते. नखाने झाकण उघडा, बदला. दुरुस्तीवाल्याची गरज नाही.

आता बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. आधी पाठ हीट गनने ऊब देऊन उचलायची, मग बॅटरीखाली आयसोप्रोपिल सोडून प्लॅस्टिकच्या कार्डाने हळूहळू सुटी करायची. लोखंडी पट्टी लावणारा कारागीर असेल तर फोन परत घेऊन या. युरोपात २० जून २०२५ पासून नियम झालाय: फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये, दुरुस्ती किती सोपी यावर फोनला गुण द्यायचे कसे हे ठरवायला समिती नेमली. गुण लागले की माझ्या टेबलावरची मारामारी थोडी कमी होईल.

आणि रोज विचारला जाणारा प्रश्न राहिलाच: "रातभर चार्जिंगला ठेवला तर फुटल का?" फुटत नाही. भरला की फोन स्वतः करंट तोडतो. झीज होते ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन् तास तापत राहिल्याने. बऱ्याच नव्या फोनांत ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते, ती लावा. वीसवरून ऐंशीवर, मग पुन्हा थोडं, असं अधूनमधून पाजलेली बॅटरी शून्य ते शंभर अशा उपाशी-तुडुंब फेऱ्यांपेक्षा जास्त वर्षं जगते. "पूर्ण उतरल्याशिवाय लावायचा नाही" हा जुन्या निकेल बॅटऱ्यांचा नियम. त्या गेल्या, नियम राहिला.

आखाड्यावर राहणाऱ्याला हे सांगताना मी जरा अडखळतो. त्याची लाईट शेतीपंपाच्या फीडरवर. एक आठवडा रात्रीची, एक आठवडा दिवसाची. लाईट येते तेव्हा फोन लावायचा, जाईल तेव्हा काढायचा. वीस-ऐंशी कुठलं घेऊन बसलात? त्यातल्या त्यात मी म्हणतो, रात्रपाळीच्या आठवड्यात चार्ज करा, हवा गार असते, बॅटरीला बरं. दिवसाच्या आठवड्यात दुपारी पत्र्याखाली लावू नका.

परवा एक म्हातारबा हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मंजी रातची लाईट मोबाईलला चांगली म्हन. बरंच झालं, कुनाला तरी चांगली हाय."